डावी शिवण

सोमवार, दुपार

वहिनी,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही, हे आधी बघून घे. अबोला चालू आहे. बोलायचं नाही असं ठरलंय, लिहायचं नाही असं काही ठरलेलं नाही. शिवाय हे पत्र मी टाकणारही नाहीये. मालकीणबाई जेवून आडव्या झाल्यात, खोलीत दुसरं चिटपाखरू नाही, आणि मला गप्प बसता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत! म्हणून हे.

तुझ्या लेकीने मला इथे आणून टाकलंय. “आत्या, डॉक्टर म्हणाले हवापालट कर.” मी म्हटलं, हवा आपल्या गच्चीवर फुकट मिळते. पण ऐकते कोण? परस्पर खोली ठरवली, तिकीट काढलं, मला गाडीत बसवलं. हट्टीपणा सगळा तुझा घेतलाय पोरीने. नाक तेवढं आमचं.

गाव बरं आहे. म्हणजे चांगलंच आहे, पण तुला एकदम चांगलं म्हणायची माझी तयारी नाही. सगळ्या गावाला जुन्या तटाचा वेढा आहे आणि तटावर तोफा आहेत. तोफांवर लोक उशांचे अभ्रे वाळत घालतात. एवढ्या लढाया मारून शेवटी अभ्रे! जुन्या जकातघरात आता संग्रहालय आहे. तिथला माणूस तिकीट फाडतो, मग आपल्या पुढे पुढे चालत एकेका दालनातले दिवे लावतो, आणि आपण बाहेर पडलो की लगेच मालवतो. माझ्याशिवाय आत कुणी नव्हतं. मी मुद्दाम प्रत्येक नाण्यापुढे उभी राहिले, तर तो बिचारा बटणाला हात लावून ताटकळत होता. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने पायरीवर चढायचं. आल्यापासून मी एकदाही चढलेली नाही. समोरचेच चढतात. निवृत्त झाले तरी शाळेतल्या खेळाच्या बाईचा चेहरा जात नाही वाटतं.

खोली वरच्या मजल्यावर आहे. लोखंडी खाट, एक टेबल, कपाटाला लांबलचक आरसा. आरशावर मी टॉवेल टाकलाय. खिडकीतून समुद्र दिसतो आणि त्यात तीन बेटं. सकाळी होडी जाते, उन्हं कलली की परत येते. तिथली वाळू म्हणे फार सुंदर, पाणी काचेसारखं, लोक खास तेवढ्यासाठी येतात. मालकीणबाईंनी विचारलं, “पोहता येतं का तुम्हाला?” मी म्हटलं, “नाही.” अगदी तोंड वर करून! उभा जन्म पोरींना पाण्यात ढकलण्यात गेला आणि सरळ नाही म्हणाले. काय करू? हो म्हटलं तर “मग चला” म्हणाल्या असत्या. मला जायचं नाहीये. पाण्यात उतरणं आता माझ्यासाठी संपलं, हे मी घरूनच ठरवून आले आहे.

आणि हो, तुझं ते पुडकं. गाडी सुटता सुटता तुझ्या लेकीने खिडकीतून माझ्या मांडीवर टाकलं. “आईने दिलंय. तिथे गेल्यावर उघड.” ब्राऊन पेपर, तुझ्या शिवणाच्या दुकानातला सुतळीचा तुकडा आणि तुझी ती न सुटणारी गाठ. पिशवीच्या तळाशी आहे. उघडलेलं नाही. उघडणारही नाही.

तुझी नणंद


मंगळवार, सकाळ

वहिनी,

उघडलं. पण सुतळीसाठी! खिडकीचं दार वाऱ्याने आपटत होतं, ते बांधायला काहीतरी हवं होतं. गाठ दातांनी सोडवावी लागली. मग कागद आपोआप उलगडला. त्याला मी काय करू?

पोहण्याचा पोशाख! मला! तुला शोभतं का हे?

बराच वेळ डोक्यात नुसता जाळ होता. खाली जाऊन चहा प्यायले, तटावर चक्कर मारून आले, तरी उतरेना. तू मुद्दाम केलंस असं वाटलं. ऑपरेशन झाल्यापासून मी तलावाच्या रस्त्यानेसुद्धा जात नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. सगळ्या गल्लीला कसं माहीत, ते मात्र आपण दोघीच जाणतो.

कारण एकदा विषय निघालाच आहे तर होऊन जाऊ दे. तपासणीचा निकाल आला तेव्हा मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं? दादाला नाही, सख्ख्या भावाला नाही. जिना उतरून तुझ्या दुकानात आले आणि तुला सांगितलं. आणि कुणाला सांगू नकोस म्हणाले. संध्याकाळपर्यंत माझ्या दारात चपलांचा ढीग! कोपऱ्यावरची इस्त्रीवाली सांत्वनाला आली, माझ्या जुन्या विद्यार्थिनी रडत आल्या, मला जिवंतपणी बघून जायला आल्यासारख्या. तू गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेता घेता तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडलीस म्हणे. मी खाली येऊन तुला बोलले, ते बोलले. त्या बाबतीत मी अजूनही बरोबर आहे. आणि तू हातातली कात्री आपटून म्हणालीस, “मग मी रडायचं कुठे? तुझ्यापुढे रडले तर तू शिट्टी फुंकतेस!”

तेव्हापासून बंद. वर मी, खाली तू, मध्ये एक जिना, आणि त्या जिन्यावरून वरणाचं पातेलं घेऊन चढणारा-उतरणारा माझा गरीब दादा. “ती विचारतेय मीठ बरोबर आहे का.” “तिला सांग आहे.” या वयात त्याची काय दशा केली आपण!

असो. पोशाख. गडद निळा. बाह्या कोपरापर्यंत, गळा बंद, खाली गुडघ्यापर्यंत विजार. कापड चांगलं आहे, पटकन सुकेल असं. आणि आत, डाव्या बाजूला हात घातला तर तिथे तू मऊ अस्तराच्या बारीक चुण्या घेतल्यात, त्यात काहीतरी हलकं भरलंयस, आणि ते बरोबर तेवढंच आहे. जेवढं माझं गेलंय तेवढंच.

हात घातला म्हणाले, बघितलं नाही. खरं सांगायचं तर डाव्या बाजूकडे मी बघतच नाही. आंघोळ दिवा न लावता करते, बटणं लावताना छताकडे बघते. छताचे पोपडे पाठ झालेत. हे तुझ्या लेकीलाही माहीत नाही. पत्र टाकायचं नाही म्हणून लिहायला बरं पडतंय.

पण मला सांग, तुला माप कुणी दिलं? तू टेप लावत नाहीस, नजरेने घेतेस, कबूल. अख्ख्या बाजारात तुझ्या नजरेचा लौकिक आहे. पण नजरेने घ्यायलाही बघावं लागतं ना? आणि तू तर दवाखान्यात एकदाही फिरकली नाहीस. मी वाट बघत होते. दाराकडे तोंड करून झोपायचे, कुशीला त्रास व्हायचा तरी.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

तुझी नणंद


बुधवार, दुपार

वहिनी,

लबाड. महालबाड आहेस तू!

आज सकाळी तुझ्या लेकीला फोन लावला. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, “बसला का गं बरोबर?” मी म्हटलं, “ते राहू दे. माप कुणी दिलं?” तर म्हणे, “दूध उतू जातंय.” शाळेतला आवाज काढला, तेव्हा फुटली.

रोज यायचीस! मी दुपारच्या गोळीने झोपले की यायचीस आणि मी जागी व्हायच्या आत निघून जायचीस. नर्सला बजावून ठेवलं होतंस म्हणे, “मी आले होते हे हिला कळता कामा नये, आमचा अबोला आहे.” नर्सनेही ऐकलं! माझी पट्टी बदलताना तू उशाशी उभी राहायचीस. सगळे नजर वळवायचे आणि तू तेवढी बघत असायचीस.

आणि तळपाय! झोपेत कुणीतरी माझे तळपाय चोळायचं, मला अर्धवट कळायचं. मला वाटलं वॉर्डातली आया. निघताना मी तिचे किती आभार मानले, डोळ्यांत पाणी आणून! तिला नवीकोरी छत्री भेट दिली. तिने निमूटपणे घेतली, उघडून बघितली आणि म्हणाली, “असू दे बाई, तुमचं मन कशाला मोडू?” त्या छत्रीवर खरा हक्क तुझा आहे. जाऊन माग.

फोन ठेवल्यावर मी जिन्यातच बसले आणि पोटभर रडले. मालकीणबाई आल्या, माझ्या शेजारी पायरीवर टेकल्या आणि मटार सोलत राहिल्या. गोल चेहऱ्याची, ठेंगणी बाई आहे. कायम अंगात मोठ्या खिशांचा एप्रन आणि खिशात सगळं गाव. मला माणूस आवडलं.

वहिनी, मला ती पहिली वेळ आठवली. तू नवी नवरी, मी शाळेतली आई नसलेली पोर, आणि मला पोहायला शिकायचं होतं. बाबा म्हणाले, पोहायचा पोशाख कुठे आहे? विषय संपला.  तुझ्या माहेरून आलेला निळा पडदा तू कापलास. खोलीला एकच खिडकी होती, तिला मग वर्षभर वर्तमानपत्र लावून राहिलीस. आणि मला तलावावर घेऊन गेलीस. तुला पाण्याची इतकी भीती की काठाकडे पाठ करून बसायचीस, हातात माझा टॉवेल, आणि मागे न बघता ओरडायचीस, “डोकं वर आहे ना गं?” मी पाणी पीत पीत म्हणायचे, “आहे!” मला पुढे पदकं मिळाली, नोकरी मिळाली, शेकडो पोरी हाताखालून गेल्या. त्या सगळ्याच्या बुडाशी तुझा तो पडदा आहे. मी हे तुला कधी म्हटलेलं नाही. आपल्यात असं म्हणायची पद्धतच पडली नाही. तू शिवायचं आणि मी घालायचं. आज म्हणते. तू होतीस म्हणून मी आहे, वहिनी. हे सरळ सांगते, समजून घे.

रडून झाल्यावर मालकीणबाईंना म्हटलं, “परवा खोटं बोलले. मला पोहता येतं.” त्या म्हणाल्या, “ठाऊक आहे. खांदे बघितले की कळतं.” मग मटाराचं भांडं उचलत म्हणाल्या, “उद्या होडीला जागा धरून ठेवते. मीही येईन. पाण्यात नाही हं, मला नुसतं बसायला आवडतं.”

मी नाही म्हटलं नाही.

तुझी नणंद


गुरुवार, संध्याकाळ

वहिनी,

आज जे झालं ते ऐकशील तर शिवणयंत्रावर डोकं ठेवून हसशील. पण क्रमाने सांगते.

पोशाख सकाळी खोलीतच घातला. आरशावर टॉवेल होताच, मी छताकडे बघत घातला. दोन्ही हात आत गेले, बंद लागले, आणि अंगाला असा बसला की जणू मी त्यातच जन्मले. वरून साधे कपडे घातले. होडीवाला गलेलठ्ठ आणि अखंड बडबडणारा. “ताई, मधे बसा, मधे! तुम्ही एका बाजूला आणि मी एका बाजूला म्हटल्यावर बेट आपल्याकडे यायचं नाही.” मी त्याला म्हटलं, “तोंड कमी चालवा, वल्ही जास्त.” फार खूश झाला. इथे त्याला कुणी उलट बोलत नसावं.

बेटावर आम्ही सोडून फारसं कुणी नव्हतं. पांढरी वाळू, एक पडकी चौकी, आणि पाणी खरोखरच इतकं नितळ की गुडघाभर आत गेलं तरी बोटं मोजावीत. मालकीणबाई सावलीत पथारी टाकून बसल्या. मी कपडे उतरवून ठेवले आणि काठावर उभी राहिले. उभी राहिले ती राहिलेच. पाय पुढे पडेना गं. ज्या पोरी काठावर अडायच्या त्यांच्या पाठीत मी हात घालायचे. आता माझ्या पाठीत हात घालणार कोण? शेवटी मी मोठ्याने म्हटलं, “डोकं वर आहे!” कुणी विचारलं नसताना! आणि गेले आत.

वहिनी, पाणी. काय सांगू? गार, मग गार नाही, मग आपलंच. डावा हात आधी भीत भीत टाकला. ओढ लागली, दुखलं थोडं, पण गेला पुढे. मग उजवा, मग डावा. मी पोहत होते! तोंडात खारं पाणी आणि मी हसतेय, एकटी. वर्षभर मला वाटत होतं की हे अंग आता माझं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी मी वापरते आहे. पाण्यात गेल्यावर ते पुन्हा माझं झालं.

मग मी आगाऊपणा केला. काठावरच्या मालकीणबाईंना दाखवायला म्हणून जुना लांब हात मारला, पूर्ण खांद्यातून. आणि काखेपासून कमरेपर्यंत टर्र!

डावी शिवण सगळी उसवली. आतलं ते मऊ अस्तर सुटून बाहेर तरंगायला लागलं. मी एका हाताने पोशाख धरते, एका हाताने पोहते, आणि ते आपलं पुढे पुढे चाललंय! मी ओरडले. मालकीणबाई, ज्यांना नुसतं बसायला आवडतं, त्या अंगावरच्या कपड्यांनिशी, एप्रनसकट, छातीभर पाण्यात शिरल्या आणि अस्तर झेललं. होडीवाल्याने मर्यादा म्हणून पाठ फिरवली आणि पाठमोरा विचारत राहिला, “मासा आहे का? काय, मासा आहे का?”

वाळूत बसवून त्यांनी एप्रनच्या खिशातून पिना काढल्या. “जरा हात वर धरा. कुठून कुठवर गेलंय बघा आणि सांगा, माझा चष्मा भिजलाय.”

बघा म्हणाल्या. मला. मी नेहमीसारखं वर बघितलं, पण तिथे छत नव्हतं, नुसतं आभाळ. त्या पिना हातात घेऊन थांबून राहिल्या. मग मी खाली बघितलं.

पहिल्यांदा बघितलं वहिनी. भर उन्हात. एक लांब आडवी रेघ आहे, फिकट पडलेली. बस, एवढंच आहे. मी काय काय समजून बसले होते! आणि तिच्या शेजारी, उसवलेल्या कापडाच्या काठावर, पांढरा दोरा लोंबत होता. निळ्या कापडावर पांढराशुभ्र, लांब लांब टाके. आंधळ्यालाही दिसला असता.

मालकीणबाईंनी तो बोटांनी चाचपला आणि त्यांचा चेहरा उतरला. “अगं बाई! हा तर नुसता कच्चा टाका. कुठल्या शिंप्याकडून शिवलंत? अर्धवटच दिलंय की तुम्हाला!”

अर्धवट? तुझ्या कामाला? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथेच, पिना लावलेल्या अवस्थेत, त्यांना सुनावलं. “अर्धवट नाही! माझी वहिनी काम अर्धवट ठेवत नाही. तिची पद्धत आहे ती. डावी शिवण ती पांढऱ्या दोऱ्याने कच्चीच ठेवते. गिऱ्हाइकाने समोर उभं राहून घालून दाखवल्याशिवाय पक्की करत नाही. मोठ्या मोठ्या बायकांना परत पाठवते. दुकानात पाटीच आहे, ‘ट्रायलशिवाय कपडा मिळणार नाही.’ एकदा प्रत्यक्ष नगराध्यक्षांच्या बायकोला…”

आणि तिथेच माझं तोंड बंद पडलं.

मालकीणबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी शेवटची पिन लावली आणि म्हणाल्या, “मग ट्रायलला बोलावलंय तुम्हाला त्यांनी.”


शुक्रवार, सकाळ

प्रिय वहिनी,

हे वाच आणि फार फुशारून जाऊ नकोस.

तुझी चूक एकच झाली. तुला वाटलं असणार, तिथे घालताना पांढरा दोरा दिसला की मला कळेल, आणि परत आल्यावर हातात पोशाख घेऊन भांडायला का होईना, तुझ्या दुकानात येईन. तू सगळं बघितलंस, पण मी बघत नाही हे तुला ठाऊक नव्हतं. माझा कच्च्या टाक्यावर समुद्रात पोहण्याचा पराक्रम झाला तो त्यामुळे. कुणाला सांगू नकोस असं आता म्हणत नाही. सांग. इस्त्रीवालीला आधी सांग.

आरशावरचा टॉवेल काढला. अंग पुसायला लागतो ना.

काल रात्री जेवताना मालकीणबाई म्हणाल्या, “माझं मशीन आहे. द्या इकडे, दोन मिनिटांचं काम.” फार भली बाई. मी पोशाख त्यांच्या हातातून ओढूनच घेतला. म्हटलं, दुसरं काहीही शिवा, याला हात लावायचा नाही. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी स्वच्छ पाण्यातून काढून, तोफेवर वाळत घालून, माझ्यासाठी घडी करून ठेवलाय. पुढच्या खेपेला तुला बरोबर आणायचं वचन त्यांनी माझ्याकडून घेतलंय. तू वाळूत पाण्याकडे पाठ करून बस, टॉवेल धरून. होडीवाला तुझं मनोरंजन करील.

पत्र टाकायचं नाही असं म्हणत होते. ही सगळी आता एका पाकिटात घालते आणि जकातघराजवळच्या पेटीत टाकते. एकही ओळ खोडलेली नाही. मी उद्या दुपारी पोचते. पत्रं बहुतेक माझ्या मागून येतील, म्हणजे तोंडाने काही बोलणं मला जमलं नाही तर ती बोलतील.

दादाला सांग, उद्यापासून त्याची जिन्यावरची नोकरी सुटली.

मी वर जाणार नाही. बॅग घेऊन सरळ दुकानात येईन. गिऱ्हाईक असेल तर बसवून ठेव. दिवा मोठा लाव, मी छताकडे बघणार नाहीये. आणि रडायचं असेल तर माझ्यापुढे रड, शिट्टी घरीच आहे, फुंकणार नाही.

ट्रायलला येते आहे. पांढरा दोरा तूच काढ.

तुझी
शिट्टी